गोधडी, शिवणयंत्र आणि दोऱ्याचीं टोंकें

प्रत्येक घरांत अशी एखादी वस्तु असते कीं, बाजारांत तिला कांहीं किंमत नसते आणि घरांत मात्र तिची किंमत करतां येत नाहीं. आमच्या घरीं ती वस्तु म्हणजे एक गोधडी आहे. माझी आजी वारल्यानंतर तिचीं तीन लुगडीं आईनें जपून ठेविलीं होतीं. धुऊन धुऊन तीं मऊ झालीं होतीं व जागोजागीं विरलीं होतीं. नेसण्याच्या उपयोगाचीं तीं राहिलीं नव्हतीं, पण टाकून देण्याचें धैर्य कोणासच होईना. शेवटीं त्यांचे चौकोनी तुकडे करून गोधडी शिवावी असें ठरलें, आणि घरच्या शिवणयंत्रावर तें काम करण्याचें मीं अंगावर घेतलें. पंधरा दिवसांत गोधडी तयार झाली. लोंबणारा प्रत्येक दोरा मीं कात्रीनें अगदीं कापडालगत कापून टाकला, आणि पाहणारांनीं त्या सफाईची वाखाणणी केली.

पुढें उन्हाळ्यांत ती गोधडी प्रथमच धुतली. वाळत घालतांना दिसून आलें कीं, सात ठिकाणीं शिवणी उसवल्या आहेत आणि तुकड्यांच्या कडांचे धागे निघाले आहेत. जुन्या विरलेल्या कापडास पुन्हां शिवण घ्यावयाची तर तेवढी कडच उरली नव्हती. दुकानांतून दुसरें कापड आणतां आलें असतें. आजीचें लुगडें कोठून आणणार?

दोष कापडाचा नव्हता, दोऱ्याचा नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. सफाईच्या मोहानें ज्या टोंकांना मीं कात्री लाविली, त्याच टोंकांवर शिवणीची भिस्त होती, हें मला ठाऊक नव्हतें. शिवणयंत्रावर तुकडे जोडतांना व गोधडी शिवतांना दोऱ्याच्या टोंकांचें काय करावें, आणि कापडाखालीं दोऱ्यांचा गुंता कां होतो, हे दोन प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतात. परंतु शिवलेली वस्तु टिकणार कीं नाहीं, हें पुष्कळदां त्यांवरच अवलंबून असतें. म्हणून या दोन प्रश्नांचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें येथें योजिलें आहे. शिवणकाम मुलींनींच शिकावें अशी कोणा विद्यार्थ्याची समजूत असल्यास त्यानें आपल्या गांवच्या शिंप्याच्या दुकानांत एकदां डोकावून पाहावें, आणि मग पुढें वाचावें.

आपल्याकडे गोधडी, किंवा कांहीं भागांत जिला वाकळ म्हणतात ती, पूर्वापार हातानेंच शिवीत आले आहेत. जुनीं लुगडीं, धोतरें, चादरी एकावर एक पसरावयाचीं आणि त्यांतून धावदोरा घालावयाचा, अशी ती रीत. हातशिवणींत दोरा एकच असतो. शिवणारी बाई आरंभीं त्याच्या टोंकास गांठ मारते, आणि दोरा संपत आला म्हणजे त्याच जागीं दोन टांके मागें घेऊन तो पक्का करते. हें तिच्या इतकें अंगवळणीं पडलेलें असतें कीं, आपण गांठ मारली हेंही तिच्या ध्यानांत राहत नाहीं. शिवणयंत्र तिच्यापेक्षां कितीतरी वेगानें टांके घालतें. पण गांठ मात्र मारीत नाहीं. विजेवर चालणाऱ्या कांहीं नव्या यंत्रांत तशी सोय असते, ती गोष्ट वेगळी. परंतु हातानें किंवा पायानें चालविण्याचें आपल्या घरांतील साधें यंत्र आरंभींही गांठ मारीत नाहीं आणि शेवटींही मारीत नाहीं. हा भेद नीट लक्षांत घेतला म्हणजे टोंकांविषयींचे पुढील सर्व नियम समजण्यास सोपे जातात.

यंत्राच्या टांक्याचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिला साखळीटांका. फ्रान्स देशांतील बार्थेलेमी तिमोनिए यानें १८३० सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, तें एकाच दोऱ्यानें असा टांका घालीत असे. यांत प्रत्येक फांसा मागच्या फांशास अडकवून ठेवतो. म्हणून शेवटचा फांसा मोकळा झाला कीं मागची सारी साखळी सुटते. धान्याच्या पोत्याचें शिवलेलें तोंड योग्य टोंक धरून ओढलें असतां सरसर उसवत जातें, तें याच कारणानें. दुसरा प्रकार दोन दोऱ्यांच्या टांक्याचा. त्यास आपण अडकटांका म्हणूं. अमेरिकेंतील एलायस हाव यानें अणकुचीपाशीं नेढें असलेली सुई आणि खालून जाणारा धोटा यांच्या योगानें हा टांका घालणाऱ्या यंत्राचें पेटंट १८४६ सालीं मिळविलें. पुढें १८५१ सालीं आयझॅक सिंगर यानें उभ्या सुईचें यंत्र पुढें आणिलें, आणि त्याच धर्तीचीं यंत्रें जगभर घरोघर पोंचलीं. यंत्रांविषयीं साशंक असलेल्या महात्मा गांधींनीं देखील १९२४ सालीं शिवणयंत्राची गणना मोजक्या उपयुक्त शोधांत केली होती. श्रम वांचविणारें तें यंत्र आहे यांत संशय नाहीं. पण लक्ष देण्याचे श्रम तें वांचवीत नाहीं.

अडकटांका कसा पडतो तें आतां पाहूं. वरच्या रिळाचा दोरा दोन गोल चकत्यांच्या मधून जातो. त्या चकत्या दोऱ्यास चिमटींत धरून त्यावर ताण ठेवितात. तेथून तो वरखालीं होणाऱ्या एका दांड्याच्या भोंकांतून जाऊन सुईच्या नेढ्यांत येतो. सुई कापडांतून खालीं उतरते आणि किंचित् वर येऊं लागते, तों दोऱ्याचा एक लहानसा फांसा तिच्या बाजूस तयार होतो. खालचा आंकडा तो फांसा पकडून बॉबिनभोंवतीं फिरवितो. मग वरचा दांडा उंच जाऊन दोरा आवळून घेतो, आणि वरचा व खालचा असे दोन्ही दोरे कापडाच्या जाडींत एकमेकांस वळसा घालून बसतात.

हा वळसा म्हणजे गांठ नव्हे. दोन दोरे केवळ ताणानें व घर्षणानें तेथें थांबलेले असतात. मधल्या टांक्यास दोहों बाजूंचे शेजारी टांके धरून ठेवितात. परंतु पहिल्या आणि शेवटच्या टांक्यास एकाच बाजूला शेजारी असतो. दुसऱ्या बाजूला असतें तें दोऱ्याचें मोकळें टोंक. तें कापडालगत कापलें कीं पहिला टांका सैल होतो, मागाहून दुसरा, मग तिसरा. साखळीटांक्याप्रमाणें ही शिवण एकदम निघत नाहीं. धुतांना, पिळतांना, अंगावर ओढून घेतांना ती थोडी थोडी सुटते. म्हणूनच नव्या वस्तूंत दोष दिसत नाहीं, आणि दिसतो तेव्हां उशीर झालेला असतो.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. शिवण सुरू करतांना वरच्या व खालच्या दोऱ्याचीं टोंकें चार-पांच इंच लांब ठेवावीं. खालचा दोरा वर काढावयाचा असल्यास वरचें टोंक डाव्या हातांत धरून यंत्राचें चाक उजव्या हातानें एक फेरा आपल्याकडे फिरवावें. सुई खालीं जाऊन वर आली म्हणजे खालच्या दोऱ्याचा फांसा तिच्याबरोबर वर येतो; तो बोटानें ओढून घ्यावा. मग दोन्ही टोंकें, कापड दाबून धरणारा जो धातूचा पाय असतो, त्याच्याखालून मागें न्यावीं आणि पहिले तीन-चार टांके पडेपर्यंत हलकेच धरून ठेवावीं. ओढूं नयेत, धरावीं एवढेंच. असें न केल्यास काय होतें? टोंक आंखूड असेल तर दांडा वर जातांना तेंच ओढून घेतो आणि सुई रिकामी होते. टोंक लांब पण मोकळें असेल तर फिरणारा आंकडा त्यास खालीं ओढतो, व पहिल्या दोन टांक्यांतच गुंता होतो. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग अशी नवशिक्याची गत येथेंच होते. तीन टांक्यांची घाई निस्तरण्यांत त्याचा अर्धा तास जातो.

शिवण संपवितांनाही एक पथ्य आहे. वरचा दांडा अगदीं उंच गेला म्हणजेच टांका पुरा झाला असें समजावें. तो अर्ध्यावर असतांना कापड ओढल्यास फांसा आंकड्यांत अडकलेला राहतो, दोन टोंकांऐवजीं तीन-चार दोरे बाहेर येतात आणि सुई वांकते. पायानें चालविण्याच्या यंत्रावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आरंभीं चाक उलट्या दिशेनें फिरलें तर दोरा तुटतो किंवा अडकतो. याकरितां चाकास आधीं हातानें योग्य दिशा द्यावी आणि मगच पाय चालवावा.

तुकडे जोडण्याच्या कामांत टोंकांची संख्या कमी करण्याची एक सोपी युक्ति आहे. आरंभीं एखादी निरुपयोगी चिंधी दुमडून यंत्राखालीं घालावी आणि तीवर टीप मारावी. आरंभाचा जो कांहीं गुंता व्हावयाचा तो चिंधीवर होतो. मग दोरा न तोडतां, चिंधीच्या मागोमाग पहिली जोडी, तिच्यामागें दुसरी, तिच्यामागें तिसरी, अशा तुकड्यांच्या जोड्या एकामागून एक सुईखालीं सरकवाव्या. दोन जोड्यांच्या मध्यें तीन-चार मोकळे टांके पडतात, आणि फुलांच्या माळेसारखी तुकड्यांची माळ यंत्रामागें उतरत जाते. शेवटीं पुन्हां एक चिंधी शिवावी व यंत्र थांबवावें. दुसऱ्या खेपेचा आरंभ त्याच चिंधीपासून होतो. वीस जोड्या निरनिराळ्या शिवल्या असतां वीस वेळां टोंकें धरावीं लागतात. माळ केली असतां आरंभ एकच आणि शेवट एकच. दोऱ्याची बचत होते ती निराळीच. मागाहून माळ कात्रीनें मध्यें मध्यें तोडावी. मात्र मोकळ्या टांक्यांच्या मधोमध कापावें, कापडाला चिकटून कापूं नये.

येथें चतुर विद्यार्थी विचारील कीं, माळ तोडल्यावर प्रत्येक जोडीच्या शिवणीचीं टोंकें मोकळींच राहिलीं. तीं उसवणार नाहींत काय? प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर असें कीं, जी शिवण पुढें दुसऱ्या शिवणीखालीं जाणार आहे, तिचीं टोंकें ती दुसरी शिवण आडवी येऊन दाबून टाकते. चौकोनाची जोडी दुसऱ्या जोडीस शिवली कीं, आधींच्या शिवणीचा शेवट नव्या शिवणीच्या टांक्यांखालीं बंद होतो. म्हणून अशा शिवणींस निराळा बंदोबस्त लागत नाहीं. परंतु ज्या शिवणीवरून दुसरी शिवण जाणार नाहीं, तिचीं दोन्ही टोंकें पक्कीं केलींच पाहिजेत. माझ्या गोधडींत उसवलेल्या सातही जागा अशाच होत्या.

पक्कें करण्याचे मार्ग तीन. यंत्रास उलट टीप मारण्याची कळ असल्यास आरंभीं व शेवटीं तीन-चार टांके मागें घ्यावे. तशी कळ नसल्यास टांक्याची लांबी अगदीं कमी करून पांच-सहा बारीक टांके घालावे. जवळ जवळ पडलेले टांके सहजासहजीं सुटत नाहींत. हेंही न साधल्यास खालच्या दोऱ्यास हलका झटका देऊन वरचा दोरा कापडाच्या उलट बाजूस काढावा आणि दोन्ही टोंकांची दुहेरी गांठ मारावी. गांठीपुढें अर्धा इंच दोरा राखून मग कात्री लावावी. मात्र हलक्या रंगाच्या तुकड्याखालीं गडद रंगाचें लांब टोंक राहूं देऊं नये. गोधडी पुरी झाल्यावर तें आंतून सांवलीसारखें दिसतें, आणि तेव्हां तें काढण्यास वाट नसते.

आतां गुंत्याचा विचार करूं. कापड उलटून पाहावें तों खालीं पक्ष्याच्या घरट्यासारखा दोऱ्यांचा पुंजका झालेला आहे, हा अनुभव शिवणयंत्र चालविणाऱ्या प्रत्येकास एकदां तरी येतो. गुंता खालीं दिसला म्हणजे नवशिका बॉबिन काढतो, ती पुन्हां भरतो, तिचा स्क्रू फिरवितो, आणि तरीही गुंता होतोच. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, असा हा प्रकार आहे. कारण खालच्या घरट्याचें मूळ बहुतेक वेळां वरच्या दोऱ्यांत असतें. वरचा दोरा चकत्यांच्या चिमटींत नीट बसला नाहीं तर त्यावर ताण राहत नाहीं. मग खालीं गेलेला फांसा दांड्याच्या ओढीनें पुरता वर येत नाहीं, आणि प्रत्येक टांक्याचा सैल दोरा खालींच साठत जातो.

दोरा चकत्यांत न बसण्याचें कारणही समजून घेण्यासारखें आहे. कापड दाबणारा पाय वर उचललेला असतांना चकत्या मोकळ्या होतात. पाय खालीं टेकला म्हणजे त्या मिटतात. पाय खालीं असतांना दोरा ओवला तर तो मिटलेल्या चकत्यांच्या आंत न शिरतां वरच राहतो. म्हणून नियम असा कीं, पाय वर उचलूनच यंत्रांत दोरा ओवावा. याच्या उलट, शिवतांना पाय खालीं टेकण्यास विसरलें तरीही चकत्या मोकळ्याच राहतात, आणि घरटें हमखास होतें. पातळ कापडावर ही चूक चटकन् ध्यानांत येते. गोधडी जाड असल्यामुळें तिचे थर पायास खालून भिडलेलेच असतात, आणि पाय टेकला आहे असा भास होतो. म्हणून गोधडी शिवतांना पहिल्या टांक्यापूर्वीं पायाची कळ हातानें चांचपून पाहण्याची संवय लावावी.

ताण बरोबर आहे कीं नाहीं, हें पाहण्याची एक परीक्षा आहे. गोधडीचे जेवढे थर असतील तेवढ्याच थरांचा एक लहान नमुना घ्यावा. वर लाल दोरा व बॉबिनींत पांढरा दोरा घालून त्यावर वीतभर टीप मारावी. खालच्या बाजूस लाल ठिपके दिसूं लागले तर वरचा ताण कमी आहे असें समजावें; वरच्या बाजूस पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण अधिक आहे. दोन्ही बाजूंस आपापलाच रंग दिसला म्हणजे दोऱ्यांचा वळसा थरांच्या मध्यें बसला. आधीं चकतीचा स्क्रू थोडा थोडा फिरवून पाहावा. बॉबिनच्या डबीचा स्क्रू अगदीं नाइलाज झाल्यावांचून हलवूं नये.

एवढ्यानेंही गुंता न थांबल्यास आणखी तीन गोष्टी तपासाव्या. पहिली सुई. ती वांकलेली, बोथट किंवा उलटी बसविलेली असल्यास आंकड्यास फांसा मिळत नाहीं. सुईच्या अंगावर एक लांब खांच असते. ज्या बाजूनें दोरा ओवावयाचा त्या बाजूस ती खांच यावी. साध्या सुती कापडास १४ नंबरची सुई चालते; गोधडीच्या जाड थरांस १६ नंबरची घ्यावी. दुसरी गोष्ट दोरा. दोऱ्याचा प्रत्येक भाग टांक्यांत बसण्यापूर्वीं नेढ्यांतून अनेक वेळां मागेंपुढें घांसला जातो. जुना, कुजका किंवा गांठाळ दोरा या घर्षणांतच पिंजतो व तुटतो. दोन्ही हातांनीं ताणला असतां जो सहज तुटतो, तो स्वस्त मिळाला म्हणून गोधडीस वापरूं नये. तिसरी गोष्ट स्वच्छता. जुन्या कापडाची लव फार झडते. ती बॉबिनच्या खालीं व दांत्यांच्या मध्यें साठून नमद्यासारखी घट्ट होते. एक गोधडी पुरी होईपर्यंत निदान तीन-चार वेळां तरी लहान कुंचल्यानें ती काढावी व तेलाचा एक थेंब सोडावा.

गुंता झालाच तर काय करावें? प्रथम थांबावें. चाक जोरानें फिरवूं नये आणि कापड हिसकूं नये. हिसक्यानें जुनें कापड फाटतें. पाय वर उचलावा, चाक हातानें हलकेच मागेंपुढें करून सुई वर आणावी. कापड किंचित् उचलून, कापड व खालचा पत्रा यांच्या मध्यें बारीक कात्री घालून गुंत्याचे दोरे कापावे व कापड मोकळें करावें. मग बॉबिन डबीसह बाहेर काढून आंत राहिलेले दोऱ्याचे तुकडे चिमट्यानें वेंचावे; एक लहानसा तुकडा राहिला तरी तो पुढच्या गुंत्याचें बीज होतो. वरचा दोरा रिळापाशीं तोडावा आणि सुईच्या बाजूनें पुढें ओढून काढावा. मागें रिळाकडे ओढल्यास त्यावरची लव चकत्यांत अडकते. नंतर दोन्ही दोरे अगदीं पहिल्यापासून पुन्हां ओवावे. अर्ध्यावरून ओवण्याचा आळस करणारास तेंच काम बहुधा दुसऱ्यांदा करावें लागतें.

तुकडे जोडून झाल्यावर मुख्य काम येतें, तें म्हणजे वरचा पदर, मधले थर आणि खालचें अस्तर एकत्र शिवण्याचें. येथें टोंकांचा पहिला बंदोबस्त रेषा आंखतांनाच करावयाचा असतो. समजा, एका बाजूस सहा व दुसऱ्या बाजूस आठ अशी अठ्ठेचाळीस चौकोनांची गोधडी आहे. प्रत्येक चौकोनांत स्वतंत्र फूल शिवावयाचें म्हटलें तर ४८ आरंभ व ४८ शेवट होतात. प्रत्येक ठिकाणीं वरचें एक व खालचें एक अशीं दोन टोंकें धरलीं, तर एकंदर १९२ टोंकें मधोमध मोकळीं राहतात. तीच गोधडी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेषांनीं शिवली तर सर्व टोंकें कडेला येतात, आणि शेवटीं जी पट्टी कडेस लावावयाची तिच्या शिवणीखालीं तीं पक्कीं होतात. मध्यें एकही टोंक उरत नाहीं. नवशिक्यानें पहिली गोधडी अशाच रेषांनीं शिवावी. फुलें पुढच्या गोधडीस राखून ठेवावीं.

शिवण्यापूर्वीं सर्व थर सपाट पसरून हाताच्या मोठ्या कच्च्या टांक्यांनीं जागोजागीं जोडून घ्यावे. आरंभ मधल्या रेषेनें करून दोहों बाजूंस कडेकडे जावें, म्हणजे अस्तराच्या सुरकुत्या मध्यें कोंडत नाहींत. गोधडीच्या दोन्ही बाजू गुंडाळून घ्याव्या व तिचा भार मेजावर टेकूं द्यावा. खालीं लोंबणाऱ्या भारानें कापड मागें ओढलें जातें, टांके लहानमोठे पडतात आणि सुई वांकून मोडते. लांब रेषा सुरू करण्यापूर्वीं बॉबिनींत दोरा किती उरला आहे तें पाहावें. रेषेच्या मध्यावर तो संपल्यास नसती चार टोंकें उत्पन्न होतात. तसें झालेंच तर चार-पांच टांके उसवून टोंकें पुरेशीं लांब करून घ्यावीं आणि नवी रेषा नेमकी तेथूनच सुरू करावी.

फुलासारखी नक्षी मध्यें काढावयाची असेल, किंवा दोरा मध्येंच तुटला असेल, तर टोंकें दडविण्याची रीत आली पाहिजे. आरंभीं खालचा दोरा वर ओढून घ्यावा, म्हणजे खालच्या बाजूस कांहींच लोंबत राहत नाहीं. शेवटींही दोन्ही टोंकें वरच आणावीं आणि तीं वीतभर लांब ठेवावीं. त्यांची कापडालगत लहानशी गांठ मारावी. मग दोन्ही टोंकें हातशिवणीच्या सुईंत ओवून, जेथें शेवटचा टांका पडला तेथेंच सुई आंत घालावी. पण ती खालीं आरपार न काढतां थरांच्या मधून एक-दीड इंच चालवून वर काढावी. हलका झटका दिला कीं गांठ आंत शिरते. आतां बाहेर आलेला दोरा किंचित् ओढून धरून कापला म्हणजे त्याचें टोंक गोधडीच्या पोटांत नाहींसें होतें. बाहेरून सफाई तीच दिसते. पण आंत इंच-दीड इंच दोरा टांक्यास धरून असतो. एका जागेस फार तर दोन-तीन मिनिटें लागतात. हीं टोंकें त्या त्या दिवशीं दडवावीं. साठवून ठेवलेलीं टोंकें एकमेकांत गुरफटतात आणि पुढच्या शिवणीखालीं सांपडतात.

आमच्या गोधडीचें पुढें काय झालें, तें सांगून हा लेख संपवितों. उसवलेल्या सात जागांसाठीं आईनें आपल्या एका जुन्या साडीचे तुकडे काढून दिले. ते मीं ठिगळें म्हणून वरून बसविले, आणि प्रत्येक ठिगळाचीं टोंकें वर सांगितल्याप्रमाणें थरांत दडविलीं. इतर ठिकाणींही कडा उलटून पाहिल्या व जेथें पहिला टांका सैल वाटला तेथें हातानें पक्का केला. त्या कामास पहिल्या शिवणकामापेक्षां अधिक दिवस लागले. तेव्हांपासून ती गोधडी दर उन्हाळ्यांत धुतली जाते आणि शिवणी शाबूत आहेत. आजीच्या लुगड्यांत आतां आईची साडीही आहे. ठिगळें कोणतीं व मूळ कापड कोणतें, हें घरांतील लहान मुलांस सांगावें लागतें.

विद्यार्थिमित्रांनो, आज घरीं गेल्यावर आपली गोधडी एकदां उलटून पाहा. ती हातानें शिवलेली असेल तर आरंभाची गांठ कोठें आहे तें शोधा, आणि ती कोणी मारली हें घरांतील वडील माणसांस विचारा. ती यंत्रावर शिवलेली असेल तर कडेचीं टोंकें तपासा. आणि पालकहो, मुलांनीं शिवणयंत्रास हात लावण्याची इच्छा दाखविली तर त्यांस पहिल्या दिवशीं एखादी चिंधी द्या, आणि लांबलचक टीप मारण्यापूर्वीं टोंकें धरावयास व शेवट पक्का करावयास शिकवा.